मिक्स आधी कुणाला ऐकवावा: मित्राला की भजनातल्या काकांना?

खानापूरच्या घरी मागच्या खोलीत, भिंतीला गाद्या टेकवून अभंग रेकॉर्ड केला आणि मिक्स, म्हणजे गायन-वाद्यांचे आवाज एकत्र जुळवलेलं रेकॉर्डिंग, दोघांना ऐकवला.

बेळगावचा मित्र स्वतः घरीच गाणी करतो. त्याचं उत्तर नेमकं. "आवाज २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गच्च झालाय, दोन-तीन डेसिबल काढ. 'स' टोचतोय, डी-एसर लाव." डी-एसर म्हणजे 'स'सारखे टोचणारे आवाज मऊ करणारं साधन. दहा मिनिटांचं काम. फक्त त्याला डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबलेली फाइलच द्यायची. व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो, मग अभिप्रायाला अर्थ उरत नाही.

काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मोबाइलवरच ऐकलं, डोळे मिटून. "पखवाज लांब का बसलाय रे?" एवढंच. उपाय मलाच शोधावा लागला. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, जास्त होताच. शिवाय कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून नीट येतच नाही. थोडं सॅच्युरेशन (आवाजात मुद्दाम मिसळलेली हलकी विकृती) देऊन खर्जाच्या वरचे स्वरांश उठवले, तेव्हा पखवाज गायकाशेजारी येऊन बसला.

मित्र आवाज तपासतो, काका भजन ऐकतात. म्हणून मी आता आधी काकांकडे जातो. मित्राचं गाणं आलं की मीही पहिल्यांदा स्क्रीनवरचे आवाजाची पातळी दाखवणारे मीटर न बघता ऐकतो, आणि कुठं मन हललं ते आधी सांगतो.