स्पेलिंग घोकायचं की आवाज जोडायचे?

नागपुरात नर्सरीच्या प्रवेशासाठी शाळा बघत फिरणारे आईबाबा फी बघतात, बस बघतात, घरापासूनचं अंतर बघतात. मुलाला इंग्रजी वाचायला कसं शिकवतात, हे फार थोडे विचारतात. घरावर परिणाम मात्र त्याचाच जास्त होतो.

घोकंपट्टी आपल्या ओळखीची. ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर.’ अर्थ तिथल्या तिथे मराठीत मिळतो आणि घरी आजीसुद्धा पाढ्यांसारखं म्हणवून घेऊ शकते. ही जमेची बाजू मला मोठी वाटते. पण नवा शब्द आला की मूल थांबतं आणि मोठ्यांच्या तोंडाकडे बघतं. ‘टीचरनी अजून शिकवला नाही’ हे उत्तर ऐकलं की जीव तुटतो.

फोनिक्समध्ये अक्षराच्या नावाआधी त्याचा आवाज शिकवतात. इंग्रजीत अक्षरं 26, पण आवाज सुमारे 44, म्हणून ‘एस-एच’चा श, ‘सी-एच’चा च अशा जोड्याही येतात. इंग्लंडमध्ये 2012 पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक चाचणी होते. वाचायला 40 शब्द असतात आणि त्यांतले 20 मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले. पाठांतरावर तिथे भागतच नाही.

माझी भाची फोनिक्सवाल्या शाळेत आहे. मेट्रोत झिरो माइलची पाटी बघून तिनं आधी ‘मिल’ वाचलं, मग स्वतःच म्हणाली, ‘थांब, शेवटी ई आहे, माइल!’ काय आनंद झाला मला! पुढे वर्धा रोडवर तिनं ‘वॉर्ड-हा’ वाचलं. तिथेच देवनागरीत ‘वर्धा’ लिहिलेलं होतं, ते तिला वाचता येत नव्हतं. घरी तिनं आजीला सांगितलं, ‘बी नाही गं आजी, ब् म्हण. तुला येत नाही.’ त्या दिवसापासून आजीनं तिचा अभ्यास घेणं सोडलं.

राज्यात 2020 च्या कायद्यानं पहिलीपासून मराठी सक्तीची आहे, पण फोनिक्स नर्सरीतच सुरू होतं. त्या दोन-तीन वर्षांत वाचणं म्हणजे इंग्रजीच, हे मुलाच्या मनात पक्कं बसतं.

तरीही निवड करायची तर मी फोनिक्सच घेईन, कारण ते बाराखडीच्याच वळणाचं आहे. क ला काना का म्हणणाऱ्या आजीला आवाज जोडणं नवं नाही, तिला फक्त कुणीतरी तसं सांगायला हवं. मात्र प्रवेशाआधी वर्गात दहा मिनिटं बसून बघा. टीचर ‘ब्’ऐवजी ‘बऽ’ म्हणत असतील तर मुलं ‘बॅट’चं ‘बऽऍटऽ’ करतात; अशा अर्धवट फोनिक्सपेक्षा नीट घेतलेलं पाठांतर बरं. शब्दाचा अर्थ मराठीत सांगतात का, हेही विचारा. सेमी-इंग्रजीत घालणार असाल तर आधी बाराखडी पक्की होऊ द्या, घाई करू नका.

भाचीसाठी आम्ही पाटी आणली. डावीकडे ती ‘एम’ काढते, उजवीकडे आजी ‘म’ काढते, आणि दोघी मिळून ‘म्’ म्हणतात.