रडणारी पृथ्वी नको म्हणणारी चित्रस्पर्धा

‘हवामान बदल आणि वन्यजीव’ या विषयावरच्या मुलांच्या एका ऑनलाइन चित्रस्पर्धेत यंदा माझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं उतरली होती. निकाल लागला, प्रमाणपत्रं आली, आता निवांत लिहायला बसले आहे. आधीच सांगून टाकते, स्पर्धा चांगली आहे आणि मुलांना जरूर पाठवावं अशी आहे. काही गोष्टी मात्र खटकल्या, त्याही लिहिते, कारण आयोजकांनी मनावर घेतलं तर त्या सहज सुधारता येतील.

पर्यावरणावरची चित्रस्पर्धा म्हटलं की एक चित्र ठरलेलं असतं. अर्धी हिरवी, अर्धी करपलेली पृथ्वी, तोंडात थर्मामीटर, डोळ्यांत टपोरा अश्रू आणि खाली रंगीत अक्षरांत घोषवाक्य. मुलं हे स्वतःच्या मनाने काढत नाहीत. मागच्या वर्षी ज्या चित्राला बक्षीस मिळालं ते पाहून काढतात आणि आम्ही मोठी माणसं त्यांना तेच दाखवतो. या स्पर्धेने सुरुवातीलाच ती वाट बंद केली होती. चित्रात घोषवाक्य नको, पृथ्वीला चेहरा नको. एकच प्राणी निवडायचा आणि चित्राच्या मागे दोन-तीन ओळींत लिहायचं की तापमान वाढल्यामुळे याच्या आयुष्यात नेमकं काय बदललं. नियम एवढाच, पण त्याने सगळा फरक पडला. ‘प्राणी मरतात’ एवढं लिहून भागत नाही. कुठला प्राणी, कुठे राहतो, काय खातो, त्याला त्रास कशाचा, हे आधी वाचावं लागतं.

त्यासाठी आयोजकांनी दिलेलं माहितीपत्र मला फार आवडलं. सोपी भाषा, एका पानावर एक प्राणी आणि मुलांना चित्रात पकडता येईल अशी एखादी तरी गोष्ट. समुद्री कासवाचंच पान घ्या. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात. वाळू त्याहून तापली की माद्या वाढत जातात, थंड राहिली की नर. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या रांगेच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वयात न आलेल्या कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या होत्या. वर्गात हे वाचून दाखवल्यावर एक मुलगी ताडकन म्हणाली, “बाई, मग बाबा कोण होणार?”

तिने वाळूचा उभा छेद काढला. वर ऊन, मध्ये खड्डा, तळाशी अंडी. वाळूला आधी पिवळ्याचा वॉश, म्हणजे पातळ पाणीदार थर दिला, तो सुकल्यावर वरच्या बाजूने नारिंगी, मग त्यावर थोडा लाल. त्यामुळे उष्णता वरून खाली झिरपत येते आहे असं खरोखर दिसतं. अंडी सगळी नारिंगी, फक्त अगदी तळाच्या कोपऱ्यातलं एक निळं. मी यातलं काहीही सुचवलं नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीने एका शास्त्रीय गोष्टीला रंगांतून दिलेलं हे उत्तर आहे आणि इतकं नेमकं उत्तर पृथ्वीच्या अश्रूतून कधीच आलं नसतं.

दुसरं चित्र सशाचं. उत्तर अमेरिकेतला स्नोशू हेअर हिवाळ्यात पांढरा होतो आणि उन्हाळ्यात तपकिरी. त्याची लव बदलते ती दिवस लहान-मोठा होण्याच्या हिशोबाने, बर्फ पाहून नव्हे. बर्फ उशिरा पडू लागला किंवा लवकर वितळला, तरी ससा ठरल्या वेळीच पांढरा होतो आणि तपकिरी मातीवर लांबून उठून दिसतो. एका मुलाने त्यासाठी तपकिरी कागद मागून घेतला, जमीन रंगवलीच नाही आणि पांढऱ्या खडूने फक्त ससा काढला. मागे लिहिलं, ‘त्याला वाटतंय तो लपलाय.’ परीक्षकांनी या चित्राला क्रमांक दिला नाही. माझ्या मते वर्गातलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं.

माहितीपत्राने काही ठरावीक गोंधळही वेळीच सोडवले, आणि शिक्षक म्हणून मला याचं मोल फार वाटतं. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन मुलं हमखास एकाच हिमखंडावर बसवतात. अस्वल उत्तरेकडे आर्क्टिकमध्ये आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धात, दोघांची गाठ कधी पडतच नाही. दुसरा गोंधळ ओझोनचा. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येतं आणि म्हणून पृथ्वी तापते, असं पुष्कळ मुलांना (आणि पालकांनाही) वाटतं. तो प्रश्न वेगळा आहे. आताच्या तापमानवाढीचं मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड. तिसरा गोंधळ प्लास्टिकचा. कासवाच्या गळ्यात अडकलेली पिशवी हे दुःखद चित्र आहे, पण ते हवामान बदलाचं चित्र नाही. अशी चित्रं आयोजकांनी बाद केली नाहीत. कळवून बदलून पाठवायला सांगितली आणि त्यासाठी मुदतही वाढवून दिली. हे फार चांगलं केलं.

आणखी एक गोष्ट. असा विषय लहान मुलांना घाबरवतो, अशी भीती पालक बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही. २०२२ साली अंटार्क्टिकातल्या बेलिंग्सहाउसन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि तिथल्या एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत त्या हंगामातलं एकही पिल्लू वाचल्याची शक्यता उरली नाही. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं फुटायच्या आधीच पायाखालचा बर्फ गेला. सहा वर्षांच्या मुलाला हे कसं सांगायचं? माहितीपत्रात प्रत्येक प्राण्यापुढे ‘कोण काय करतंय’ अशी चौकट आहे, तिचा इथे उपयोग झाला. कासवांच्या घरट्यांवर सावली धरतात, वाळूवर पाणी शिंपडतात, अंडी थंड जागी हलवतात, हे कळल्यावर मुलं सावली धरणारी माणसंही काढू लागली. दुःखाची गोष्ट लपवली नाही आणि मुलांना तिथेच सोडूनही दिलं नाही.

माहितीपत्राची उणीव म्हणाल तर बर्फाळ प्रदेशाचा भर फार आहे. कीटक, बेडूक, उंदीर अशा बारीकसारीक जिवांना जवळपास जागाच नाही. मोठ्या मुलांना मी ब्रॅम्बल के मेलोमिसबद्दल सांगितलं. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत एका चिमुकल्या वालुकामय बेटावर राहणारा हा उंदरासारखा प्राणी. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं, खाऱ्या पाण्याने झाडोरा मेला आणि त्याचं अन्न व आसरा दोन्ही गेलं. २००९ नंतर तो कुणाला दिसला नाही आणि २०१९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने घडवलेल्या हवामान बदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्याचा देखणा फोटो कुठल्या कॅलेंडरवर नसतो, म्हणून तर तो अशा स्पर्धेत असायला हवा. वर्गातल्या एका मुलीने तोच निवडला आणि ओल्या कागदावर रंग पसरू देत पाण्याखाली जाणारं गवत काढलं.

आता खटकलेल्या गोष्टी. सर्वांत मोठी, वयोगट. पाच ते नऊ वर्षांची मुलं एकाच गटात होती. पाच वर्षांचं मूल मुठीत खडू धरतं, नऊ वर्षांचं मूल शेडिंग करतं. या दोघांची तुलना करणं म्हणजे धाकट्यावर अन्याय. सात वर्षांपर्यंतचा गट वेगळा हवाच.

दुसरी, मोठ्यांचा हात. सर्वांत लहान गटातल्या बक्षीसपात्र चित्रांपैकी काहींत पाण्यावरचे प्रकाशाचे पट्टे आणि पिसांचे थर असे होते की त्या वयाच्या बोटांना ते जमत नाहीत. ‘चित्र मुलाने स्वतः काढलं आहे’ असं पालकांनी लिहून देण्याचा नियम आहे, पण तो पुरेसा नाही. कच्च्या रेखाटनाचा आणि अर्धवट रंगवलेल्या चित्राचा फोटो सोबत मागवला तर बरंच काही आपोआप थांबेल. एआयने बनवलेली चित्रं बाद, असा स्पष्ट नियम आहे. त्याबद्दल मात्र आभार.

तिसरी गोष्ट ‘लोकप्रिय चित्र’ नावाच्या बक्षिसाची. ते ऑनलाइन मतांवर ठरतं, म्हणजे ज्या घरची ओळखपाळख मोठी त्या घरचं चित्र पुढे. मुलं चित्र सोडून मतं मोजत बसली. हे बक्षीस बंद करावं, असं मी आयोजकांना कळवलं आहे.

परीक्षणाचे निकष आधीच जाहीर केले होते: कल्पना, निरीक्षण, रंगांची हाताळणी. पण कुठल्या चित्राबद्दल परीक्षकांना काय वाटलं हे कुणालाच कळलं नाही. प्रमाणपत्रावर सगळ्यांना तेच एक वाक्य. प्रत्येक मुलाला पत्र लिहिणं शक्य नाही हे मला समजतं, पण निवडलेल्या चित्रांखाली परीक्षकांच्या दोन ओळी असत्या तर बाकीच्यांनाही त्यातून शिकता आलं असतं.

चित्र पाठवण्याची सोय ठीक आहे. फोटोच्या आकाराची मर्यादा फार कमी ठेवल्यामुळे बारीक पोत पुसला जातो, एवढं सोडलं तर अडचण आली नाही. फोटो दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता आणि बरोबर वरून काढा. दिव्याखाली काढलेल्या फोटोत निळे रंग मळकट दिसतात. संकेतस्थळावर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि वय देतात, छायाचित्र मागत नाहीत, हे मला योग्य वाटलं. चित्र पोस्टरसाठी वापरण्याची परवानगी मात्र नोंदणीतच घेतली जाते, तेवढी ओळ वाचूनच पुढे जा.

निवडक चित्रांचं ऑनलाइन प्रदर्शन ३ मार्चला, जागतिक वन्यजीव दिनी, खुलं झालं. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारावर १९७३ साली याच तारखेला सह्या झाल्या होत्या. प्रदर्शनात चित्राशेजारी मुलाने मागे लिहिलेल्या ओळी दिल्या आहेत, आणि खरी मजा त्या वाचण्यात आहे. पालकांनी नोंदणीच्या आधी ते प्रदर्शन मुलांसोबत बसून पाहावं, म्हणजे स्पर्धेला काय हवंय ते लगेच कळतं.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा नावं देणार आहोत. धाकट्यांपैकी दोघांनी बेडूक आत्ताच ठरवून टाकलाय. माहितीपत्रात त्याचं पान नसलं तरी पावसाचं वेळापत्रक बिघडलं की बेडकाच्या अंड्यांचं काय होतं, हे मी त्यांना वाचून दाखवणार आहे.