'सॉलिड टीक'च्या नावाखाली 0.6 मिमीची साल

घरातलं लाकडी फ्लोअरिंग: 320 स्क्वेअर फूट, दर 650, एकूण 2,08,000 रुपये. कोटेशनवर लिहिलेलं: 'सॉलिड बर्मा टीक, क्वार्टर सॉन, 18 मिमी'. प्रत्यक्षात मिळालं प्लायवर चिकटवलेलं 0.6 मिमीचं सागाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. ओरखडे काढायला सँडिंग मशीन लावलं आणि खिडकीपाशी पांढुरका प्लाय उघडा पडला. मशीनवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, पूर्ण सँडिंगमध्ये अर्धा-पाऊण मिमी लाकूड जातंच.

ओंडक्याचे आधी उभे चार भाग करून वलयांना काटकोनात चिरलं की फळीवर सरळ, समांतर रेषा येतात. ते क्वार्टर सॉन. ओंडका सरसकट एकाच दिशेने चिरला की डोंगरासारख्या कमानी उमटतात. यात लाकूड कमी वाया जातं, म्हणून माल स्वस्त. दुकानातल्या नमुन्यावर रेषा होत्या, खोक्यांतून कमानी निघाल्या. "नॅचरल लाकूड आहे साहेब, प्रत्येक फळी वेगळीच येणार." वाक्य खरं आहे, म्हणून तर पचतं!

पण खरी चीड येते ती दाराच्या चौकटीशी फळी कापली त्या क्षणाची. कापलेल्या तोंडावर सलग वलयं दिसायला हवीत, तिथे चक्क एकावर एक थर. सागाचा भुसा सोनेरी-तपकिरी, हाताला तेलकट, वास चामड्यासारखा. खाली पडलेला भुसा फिकट. "सीझनिंगसाठी थर देतात" म्हणे! सीझनिंग म्हणजे लाकडातला ओलावा काढणं, त्यात गोंद कुठून आला? पण 1,50,000 आधीच गेलेले, घरभर धूळ, सुतार खोळंबलेले. अशा वेळी कोण भुसा हुंगत बसतो?

इंजिनिअर्ड फळी, म्हणजे प्लायवर खऱ्या लाकडाचा थर चिकटवलेली, मुळात वाईट नाही, उलट पावसाळ्यात ती सॉलिडपेक्षा कमी फुगते. फक्त वरचा थर 3-4 मिमीचा हवा आणि दर सॉलिडचा नको. थराची जाडी बिलावर लिहून घ्या. भिंतीकडेने 10-12 मिमी फट सोडायलाच लावा, नाहीतर फुगलेली जमीन मधेच उचलते. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं. वाफेचा मॉप अजिबात नको, ओल सांध्यात शिरली की कडा वर येतात आणि दोष तुमच्या माथी मारला जातो.

चौकीत सांगितलं, "हा दिवाणी मामला." ग्राहक हेल्पलाइनवर, "विक्रेत्याशी बोलून मिटवा." अहो, तो फोन उचलत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? एका साहेबांनी तर विचारलं, "वर साग आहे ना? मग फसवणूक कसली?" एकजण म्हणतो लाकूड तपासून आणा, तपासणारा म्हणतो आधी पत्र आणा. 2,08,000 रुपये कुणाच्याच टेबलावरचे नाहीत.

जीएसटी वाचवायला बिनबिलाचा सौदा करू नका, पुरावाच उरत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत 2 वर्षं. उरलेली एक अख्खी फळी खोक्यासकट ठेवा. आयोगाने नमुना मागितला तर बसवलेली जमीन उचकटावी लागत नाही.