मेंदूवर्धक कॅप्सूल: दावा मोठा, आधार तोकडा

डोक्याला मार लागलेल्या थोरल्या बंधूंसाठी महाद्वार रोडवरील एका औषध दुकानातून ही कॅप्सूल घेतली. वेष्टनावर ‘बीडीएनएफ वाढवते’ (बीडीएनएफ म्हणजे चेतापेशींच्या वाढीशी निगडित असलेले मेंदूतले एक प्रथिन) असे ठळक छापले असले, तरी घटकांच्या रकान्यात नुसते ‘वनस्पती मिश्रण’ लिहिले आहे, हे पहिल्यांदा खटकले. मुळात बीडीएनएफ नुसते वाढून भागत नाही. कोणता ग्राही, म्हणजे पेशीवरचा संदेश झेलणारा रेणू, त्याला धरतो, यावर सारे ठरते. पक्व बीडीएनएफ टीआरके-बी या ग्राहीशी जोडले गेले, तर चेतापेशी तगते आणि पेशींमधले दुवे बळकट होतात; उलट त्याचेच अपक्व रूप सॉर्टिलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या साथीने पी-७५ या ग्राहीला चिकटले, तर पेशीला मरणाचा संदेश जाऊ शकतो, आणि दुखापतीनंतर मेंदूत नेमका हा पी-७५ वाढलेला आढळतो. तेव्हा सरसकट ‘वाढवते’ म्हणणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ल्यांचा जुडगा विकणे झाले. दुकानदार मात्र भला माणूस. न फोडलेली डबी त्याने पावती पाहून विनातक्रार परत घेतली. बंधूंची फिजिओथेरपी आणि रंकाळ्यावरचा फेरफटका डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. व्यायामाने बीडीएनएफ वाढते, याला निदान संशोधनाचा आधार तरी आहे. कॅप्सूलला पाचपैकी एक तारा, तोही दुकानदारामुळे.