लिटल ॲन क्यूसीपीआर: नर्सिंग कॉलेजने घ्यावी का?

बीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं, कार्ड दोन वर्षं चालतं, पण छाती दाबायची सवय काही महिन्यांतच सुटते. म्हणून परीक्षेपुरते कपाटातून निघणारे सीपीआर सरावाचे (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याच्या सरावाचे) दहा पुतळे घेण्यापेक्षा वॉर्डजवळ कायम पडून असलेले दोन बरे. या कामाला लेर्डाल कंपनीचा लिटल ॲन हा पुतळा चांगला आहे. ही नॉर्वेची कंपनी आधी मऊ प्लॅस्टिकची खेळणी बनवायची. १९६० साली आलेली तिची रेससी ॲन, म्हणजे सीपीआर सरावाचा जुना पुतळा, हीही त्याच मऊ प्लॅस्टिकची.

साध्या लिटल ॲनमध्ये पुरेसं दाबलं की 'टक्' वाजतं. पोरं त्या आवाजामागे लागतात, आणि वेग नि छाती पूर्ण वर सोडणं दोन्ही राहून जातं. क्यूसीपीआर प्रकारात ब्लूटूथने फोनवर खोली, वेग, सोडणं आणि श्वास असं सगळं दिसतं. गाठायचे आकडे असे: दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास, मधला खंड १० सेकंदांच्या आत. खोली बहुतेकांना लवकर जमते. हात मात्र छातीवर रेलूनच राहतात आणि वर सोडण्याचा आकडा पडतो. हे नुसतं बघून शिक्षकाच्या लक्षात येत नाही. पैसे जातात ते याच आकड्यासाठी. परवडत असेल तर साधी घेऊच नका.

श्वासाच्या वेळी छाती उठत नसेल तर आधी डोकं मागे आणि हनुवटी वर आहे का ते पाहा. तसं केल्याशिवाय श्वासाची वाट उघडतच नाही. तरीही उठली नाही तर आतली पिशवी पिळवटलेली असते. ती काढून सरळ बसवा. श्वास एक सेकंदाचा, छाती जेमतेम उठेल एवढाच. जोरात फुंकणाऱ्याला तिथेच थांबवा. एअरवे, म्हणजे या आतल्या पिशव्या, वापरून टाकून द्यायचे असतात, ऑर्डर देताना त्यांचा खर्च विसरला जातो.

सराव जमिनीवर झाला तरी एक फेरी पलंगावर हवीच. गादी दबते आणि जोर वाया जातो. पाठीखाली फळी, उंची कमी पडणाऱ्यांच्या पायाखाली स्टूल, हे तिथेच शिकतात.

कातडीवर बॉलपेनची रेघ किंवा वर्तमानपत्राची शाई उमटली की जात नाही. उघडा पुतळा पेपरवर ठेवू नका, आणि आयोडीन तर जवळपासही नको.

उणीव म्हणजे हा नुसता धड-डोक्याचा पुतळा आहे, रुग्ण उचलणं-सरकवणं यावर होत नाही. बाळांसाठी बेबी ॲन वेगळी घ्यावी लागते. प्रसूती वॉर्डात जाणाऱ्या एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसविकांच्या) तुकडीसाठी तीच आधी मागवा.