समुद्री शेवाळाची पावडर, २५ किलोची बोरी: खारपाणपट्ट्यातला अनुभव

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचं, म्हणजे पक्का खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, वावर भिजलं की चिक्कण गोळा अन् वाळलं की हात जाईल एवढ्या भेगा. म्हणून समुद्रातली कोणतीही वस्तू मातीत टाकायची तर पहिला प्रश्न मिठाचा.

ही पावडर ऑनलाइन मागवली. कृषी केंद्रात फवारायच्या अर्काची बाटली मिळते ती वेगळी. तसला अर्क रामेश्वरम-मंडपमकडे बांबूच्या तराफ्यांवर लावलेल्या लाल शेवाळापासूनही काढतात, ताजं शेवाळ पिळून रस काढायची पद्धत भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेनं बसवलेली आहे. बोरीतला माल मात्र लाटांनी किनाऱ्यावर फेकलेलं तपकिरी शेवाळ, सरगासम, वाळवून भरडलेलं. भरड्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पोकळ फुगे अख्खे राहिलेत, बोटात दाबले की टचकन फुटतात, ह्याच फुग्यांवर ते पाण्यात उभं राहते. वास सुकटीचा. माय म्हणे, "काऊन आणलं बाप्पा हे, गोठ्याकडं ठेव."

आता तक्रार. एक किलो पावडर बादलीत ढवळून रात्रभर ठेवली तर सकाळी तळाला दोन मुठी रेती अन् शिंपल्यांचा चुरा, वरचं पाणी जिभेला लावलं तर खारट जहर. मग दोन कुंड्या केल्या, एकीत पावडर तशीच मिसळली, दुसरीत धुऊन, दोन्हीत मुगाचे वीस-वीस दाणे टाकले. न धुतलेलीत सात उगवले, धुतलेलीत सतरा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे नैसर्गिक आहे, काही होत नाही. अहो पण आमच्या मातीत सोडियम आधीच जास्त, त्यानंच तर काळी माती चिकटते अन् पाणी मुरत नाही, त्यात अजून मीठ कशाला घालता? बोरीवर धुतलेलं का न धुतलेलं एवढं तरी छापा.

मी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये शेततळ्याच्या पाण्यानं दोनदा धुतली, बोअरच्या पाण्यानं धुण्यात अर्थच नाही. पण शेवाळात जे खरं मोलाचं, ते पोटॅश, तेही पाण्यात विरघळते, म्हणून तिसऱ्यांदा धुतली नाही. धुतल्याचं खारट पाणी धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, नाल्यात सोडलं. मग शेणखताच्या ढिगात थरावर थर देऊन तीन महिने कुजवली अन् परसबागेत वांगी, सांबार (कोथिंबीर), मेथीला दिली, पऱ्हाटीला (कपाशीला) नाही. वाफ्याची माती भुसभुशीत झाली, पाणी पहिल्यासारखं साचून राहत नाही, गांडुळं दिसायला लागली. यात शेणखताचा वाटा किती अन् शेवाळाचा किती ते वेगळं काढता येत नाही. नत्र यात फार कमी, नुसत्या ह्याच्या भरवशावर राहिलात तर पानं पिवळी पडतील.

गोळा कसं करता हेही विचारलं होतं. ओहोटीला गावातल्या बाया सुटं पडलेलं वेचतात, खडकावरचं उपटत नाहीत, असं सांगितलं, अन् हे मला लय महत्त्वाचं वाटते. खडकावरून उपटलं तर पुन्हा वाढायला बुडखाच राहत नाही. वाहून आलेलंही सगळं उचलू नये, त्या कुजत्या पट्ट्यात बारके किडे असतात, पक्षी त्यावर जगतात, अन् रेतीही धरून राहते. जो किनारा साफ करून बोऱ्या भरतो त्याच्याकडून मी घेणार नाही, भाव कमी असला तरी.

पाचपैकी तीन स्टार. माल खरा आहे, भेसळ नाही, पण रेतीचे पैसे आपण भरतो. गोड जमिनीवाल्यांनी थोडी घेऊन बघा, आमच्या पट्ट्यातल्यांनी आधी मुगाची कुंडी लावा, आठ दिवसांत कळते.