पुढचा शॉकअप आपटतोय: जाड तेल घालायचं की स्प्रिंग बदलायची?

हीरोची एक्सपल्स २०० घेतली, सोलापूरजवळ हिप्परग्याच्या बाजूला मुरमावर चार रविवार फिरवली की हा प्रश्न येतोच. उंचवट्यावरून गाडी खाली आली की पुढून खडाक आवाज. गॅरेजवाला म्हणतो, ‘जाड तेल टाकू की ओ, कडक होतंय.’ मोबाइलवर वाचून आलेला मित्र म्हणतो, स्प्रिंगच बदल. तेलाचं काम काही शेकड्यांत होतं, स्प्रिंगचं हजारांत जातं, म्हणून नव्वद टक्के लोक तेलावर थांबतात. मीही थांबलो होतो.

स्प्रिंग वजन तोलते, तेल वेग आवरतं. गाडीवर नुसतं बसल्यावर शॉकअप किती दबला, हा सगळा स्प्रिंगचा हिशोब. तिथे तेल मधासारखं घट्ट घातलं तरी गाडी तेवढीच दबणार, फक्त सावकाश.

म्हणून आधी मोजा. रबरी गेटर (शॉकअपच्या पाइपवरचं घड्यांचं आवरण) सोडवून वर सरकवा, पुढचं चाक अधांतरी ठेवून पाइपवर झिप टाय बांधा आणि डस्ट सीलला, म्हणजे धूळ अडवणाऱ्या रबराला टेकवा. चाक खाली टेकवून हेल्मेट-बूट घालून अलगद बसा, तसंच अलगद उतरा, चाक परत उचला आणि सील ते टाय अंतर मोजा. या गाडीच्या शॉकअपची चाल १९० मिमी. त्यातले ५०-५५ मिमी दबले तर स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे. ७०च्या पुढे गेलं तर नाही. मग तेलाशी झटापट करण्यात अर्थ नाही.

जाड तेलाचा खरा त्रास नंतर कळतो. साध्या शॉकअपात तेल ठरावीक भोकांतून जातं. ब्रेक मारल्यावर नाक हळू खाली जातं, बरं वाटतं. पण उसाच्या ट्रॅक्टरांनी उखणलेल्या गाडीवाटेवर खड्ड्यामागून खड्डा आला की तेल त्या भोकांतून पटकन सुटत नाही, मनगटाला दणके बसतात. त्यात शॉकअप पूर्ण वर यायच्या आत पुढचा खड्डा हजर. तो दबलेलाच राहतो, आणखी दबतो, आणि शेवटी पुन्हा आपटतो. ज्यासाठी तेल जाड केलं, तेच.

उलट बाजूही सांगतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ला टेकला की तेल पातळ पडतं, तेव्हा एक पायरी जाड तेल चुकीचं नाही. फक्त डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’वर विसंबू नका. दोन कंपन्यांचं १० सारखं नसतं. ४० अंशांना किती सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप), हा आकडा जुळवा.

माझ्या गाडीत एका गॅरेजात अंदाजाने तेल ओतलं होतं, शॉकअपच्या दोन पायांत, म्हणजे दोन नळ्यांत, तेलाच्या दोन पातळ्या. पुढे घरी उघडलं तर राखाडी, कुजकट वासाचं पाणी निघालं. त्याच ग्रेडचं ताजं तेल, स्प्रिंग काढून, पाय पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजून भरलं, आणि निम्मी तक्रार गेली. जाड तेलाला जे श्रेय मिळतं त्यातलं बरंचसं नुसत्या ताज्या तेलाचं असतं. आपटणं थोडंच उरलं असेल तर पातळी ५ मिमीने वाढवा. वर अडकलेली हवा कमी होते आणि चालीच्या शेवटी स्प्रिंगसारखी ढकलते.

वरून पॅकिंग घालून स्प्रिंग दाबणं हा तिसरा मार्ग. नाक उचलतं, स्प्रिंगचा कडकपणा मात्र तसाच राहतो. मी त्यावर पैसे घालणार नाही.

तर ६०-६५ किलोचा, बिनसामानाचा माणूस असेल तर ताजं तेल आणि पातळी, बस. ८५-९० किलो आणि मागे बॅगा असतील तर सरळ स्प्रिंग घ्या, आणि त्याच वेळी तेल आणि सीलही बदला, मजुरी एकदाच पडेल. एरवी नुसतं सील गळतंय म्हणून लगेच बदलू नका. काळ्या मातीचा चिखल सीलच्या ओठाखाली वाळलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी टोकाला हुकासारखी कापून आत फिरवा, पुष्कळदा गळती थांबते. पुसायला सोलापुरी टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. जुनी, विटलेली चादर घ्या.

आमच्यातल्या एकाला तर शॉकअप ‘दगडासारखा’ वाटत होता, स्प्रिंगची ऑर्डर द्यायच्या बेतात होता. पंक्चर काढताना चाक बसवलेलं, पाय किंचित तिरके आवळलेले. ॲक्सलचा क्लॅम्प सैल केला, हँडल धरून चार-पाच दाब दिले, पुन्हा आवळला. ऑर्डर राहिली.